इंधनाचा प्रश्न: नौदलाच्या अणुभट्ट्या आणि मुंबई बंदराचे दोन काठ

मुंबई बंदराच्या दक्षिण अंगास, पनवेलच्या पश्चिमेला उरण तालुक्यात वसलेले करंजा हे कोळ्यांचे गाव एकेकाळी बेट होते, आणि नौदलाच्या दारूगोळ्याचे आगार तेथे असल्याने भारतीय नौदलाशी त्याचा संबंध जुना आहे. या बेटाचे नाव नौदलाच्या दोन पाणबुड्यांना लाभले. पहिली 'करंज' सोव्हिएत बनावटीची होती. ती 4 सप्टेंबर 1969 रोजी रीगा बंदरात सेवेत दाखल झाली, 1971च्या युद्धात पुढे नौदलप्रमुख झालेले विजयसिंह शेखावत तिचे कप्तान होते आणि 1 ऑगस्ट 2003 रोजी ती निवृत्त झाली. दुसरी 'करंज' फ्रेंच आराखड्यानुसार माझगाव डॉकमध्ये बांधलेली असून ती 10 मार्च 2021 रोजी नौदलात आली. या दोन्ही पाणबुड्या डिझेलवर व विजेच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या, म्हणजे पारंपरिक जातीच्या. याच बंदराच्या उत्तर अंगास, ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि भारताच्या अणुपाणबुडीसाठीची अणुभट्टी तेथील अभियंत्यांनी आखली. पारंपरिक आणि आण्विक अशा दोन्ही पाणबुड्यांचा इतिहास येथे जवळजवळ नांदला. असे असूनही अणुपाणबुड्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा क्षेपणास्त्रांविषयी असते, त्यांच्या पोटातील यंत्राविषयी फारसे नसते, आणि त्या यंत्राला लागणाऱ्या इंधनाविषयी तर जवळजवळ नसतेच. वस्तुतः नौदलाच्या अणुभट्टीचा आकार, तिचे आयुष्य, तिचा धोका आणि तिच्याभोवतीचे राजकारण या सर्वांचा उगम इंधनाच्या एका गुणात आहे, तो म्हणजे युरेनियमची समृद्धता.

पारंपरिक पाणबुडीची अडचण प्राणवायूची आहे. डिझेल इंजिनाला जळण्यासाठी हवा लागते आणि पाण्याखाली हवा नसते. म्हणून पाणबुडी पृष्ठभागाजवळ येऊन नळीवाटे हवा घेते, इंजिन चालवते, बॅटऱ्या भरून घेते आणि पुन्हा खाली जाते. बॅटऱ्यांवर ती सावकाश चालली तर काही दिवस निभावते, परंतु पूर्ण वेगाने धावली तर बॅटऱ्या काही तासांतच रित्या होतात, आणि हवा घेण्यासाठी वर आलेली नळी शत्रूच्या रडारला सापडू शकते. ही अडचण अंशतः दूर करणारी, हवेवर न विसंबणारी इंधनघट प्रणाली अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली असून तिच्या जमिनीवरील नमुन्याची महत्त्वाची चाचणी मार्च 2021 मध्ये झाली. अशा प्रणालीने पाणबुडीला आठवडा-दोन आठवडे खाली राहता येते. मात्र वेग मंदच राहतो, कारण सोबत नेलेल्या रसायनांचा साठा मर्यादित असतो. वेग आणि मुक्काम ही दोन्ही एकत्र हवी असतील तर ज्वलनाखेरीज उष्णतेचा दुसरा स्रोत हवा, आणि असा व्यवहार्य स्रोत आजवर एकच सापडला आहे.

अणुभट्टीत युरेनियम-235 या समस्थानिकाचे अणुकेंद्र न्यूट्रॉनच्या आघाताने दुभंगते, उष्णता बाहेर पडते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटून पुढची केंद्रके दुभंगवतात. ही साखळी स्थिर वेगाने चालू ठेवणे म्हणजे भट्टी चालवणे. जगातील जवळजवळ सर्व नौदलांनी यासाठी दाबयुक्त पाण्याची भट्टी निवडली आहे. तिच्यात पोलादी पात्रातील इंधनाभोवती सुमारे 150 वातावरणाच्या दाबाखाली पाणी फिरत असते. दाबामुळे ते 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापूनही उकळत नाही. हे पाणी न्यूट्रॉनचा वेग मंदावण्याचे आणि उष्णता वाहून नेण्याचे अशी दोन कामे एकदमच करते. पुढे बाष्पजनित्र नावाच्या उपकरणात त्याची उष्णता दुसऱ्या, कमी दाबाच्या पाण्याला मिळते, त्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते आणि दातेरी चाकांच्या पेटीतून ती गती पंख्याच्या दांड्याला पोचते. काही नव्या पाणबुड्यांत टर्बाइन केवळ वीज निर्माण करते आणि पंखा विजेच्या मोटरीवर फिरतो, कारण दातेरी चाकांचा आवाज पाण्यात दूरवर जातो. किरणोत्सारी पाणी पहिल्या फेऱ्यातच कोंडलेले राहते, टर्बाइनपर्यंत येत नाही. जेथे खलाशी भट्टीपासून काही मीटरवर झोपतात तेथे या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगायला नको.

इथवर नौदलाची भट्टी आणि वीजकेंद्राची भट्टी यांत तत्त्वतः फरक नाही. फरक पडतो तो जागेमुळे. पाणबुडीच्या कवचाचा व्यास दहा-बारा मीटरच्या घरात असतो आणि त्यात भट्टी, तिच्याभोवतीचे शिसे, पोलाद व पाणी यांचे संरक्षक आवरण, पंप आणि बाष्पजनित्रे हे सगळे बसवायचे असते. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये युरेनियम-235चे प्रमाण केवळ 0.7 टक्के असते. उरलेले जवळजवळ सारे युरेनियम-238 असून ते न्यूट्रॉन गिळते पण सहजी दुभंगत नाही. अशा नैसर्गिक युरेनियमवर भट्टी चालवायची तर मंदायक म्हणून साध्या पाण्याऐवजी जड पाण्यासारखे द्रव्य लागते आणि भट्टी अवाढव्य होते. युरेनियम-235चे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवणे म्हणजे समृद्धीकरण. हे प्रमाण जितके अधिक, तितका भट्टीचा गाभा लहान आणि तितके इंधन बदलण्याचे अंतर लांब.

समृद्धतेचे आणखी एक कारण आहे आणि सर्वसामान्य लेखनात ते सहसा सुटते. विखंडनातून झेनॉन-135 हे न्यूट्रॉन अधाशीपणे शोषणारे समस्थानिक अप्रत्यक्षपणे तयार होत राहते. भट्टी चालू असताना ते जळतही राहते, पण भट्टी बंद केल्यावर काही तास त्याचे प्रमाण वाढत जाते आणि तेवढ्या काळात कमी ताकदीचा गाभा पुन्हा पेटत नाही. वीजकेंद्र एक दिवस थांबू शकते. समुद्राच्या पोटात शत्रूचा माग लागलेल्या पाणबुडीला थांबणे परवडणारे नसते. म्हणून नौदलाच्या गाभ्यात गरजेहून जास्त विखंडनक्षम इंधन भरून ठेवावे लागते, आणि सुरुवातीच्या काळात ही जादा ताकद आवरण्यासाठी गॅडोलिनियम किंवा बोरॉनसारखे, हळूहळू स्वतःच जळून जाणारे न्यूट्रॉनशोषक इंधनातच मिसळावे लागतात. भट्टी चालू-बंद करणाऱ्या नियंत्रक कांड्यांसाठी अमेरिकेने हॅफ्नियम हा धातू वापरला. हॅफ्नियम निसर्गात झिर्कोनियमबरोबरच सापडतो, आणि झिर्कोनियम इंधनाच्या आवरणासाठी हवा असतो तो त्याला न्यूट्रॉनची भूक नसते म्हणून. तेव्हा आवरणाच्या धातूतून जो हॅफ्नियम निकराने वेगळा काढावा लागतो, तोच कांड्यांच्या कामी येतो. एकाच वाळूतून निघणारे हे दोन धातू भट्टीत एकमेकांच्या नेमके उलट काम करतात.

इंधनाचे प्रमाण किती अल्प असते याची कल्पना एका साध्या हिशेबाने येते. एक मेगावॅट उष्णता दिवसभर मिळवण्यासाठी सुमारे एक ग्रॅम युरेनियम-235 दुभंगावे लागते. भारताच्या 'अरिहंत' या पाणबुडीच्या भट्टीची औष्णिक क्षमता 83 मेगावॅट असल्याचे सांगितले जाते. ती वर्षभर अखंड पूर्ण शक्तीने चालली, जे प्रत्यक्षात कधी घडत नाही, तरी तीस-पस्तीस किलोच युरेनियम-235 दुभंगेल. एक किलो युरेनियम-235मधील उष्णता सुमारे 1,900 टन डिझेलइतकी असते. यातील साधारण पाचवा हिस्साच पंख्यापर्यंत पोचतो आणि बाकीची उष्णता समुद्राच्या पाण्यात जाते, हा वाफेच्या यंत्राचा जुना दोष येथेही सुटत नाही.

जागतिक इतिहासाचा आरंभ अमेरिकेच्या 'नॉटिलस'पासून होतो. हायमन रिकोव्हर या हट्टी नौदल अधिकाऱ्याने आयडाहोच्या वाळवंटात पाणबुडीच्या कवचाच्या तुकड्यात भट्टीचा पूर्ण नमुना 1953 मध्ये चालवून दाखवला आणि 17 जानेवारी 1955 रोजी 'नॉटिलस' अणुशक्तीवर बंदराबाहेर पडली. 1958 मध्ये ती उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली. पाण्याऐवजी वितळलेला धातू शीतक म्हणून वापरण्याचे प्रयोगही झाले. अमेरिकेच्या 'सीवुल्फ'मध्ये द्रवरूप सोडियम होते. सोडियम पाण्याशी स्फोटक रीतीने संयोग पावतो, बाष्पयंत्रणेत गळती होत राहिली आणि काही वर्षांतच ती भट्टी काढून पाण्याची बसवावी लागली. सोव्हिएत संघाने आपल्या 'अल्फा' वर्गात शिसे व बिस्मथ यांचे मिश्रण वापरून चाळीस नॉटहून अधिक वेग साधला. परंतु हे मिश्रण सुमारे 125 अंशांखाली गोठते, त्यामुळे बंदरात उभ्या असतानाही भट्टी तापती ठेवावी लागे आणि ती एकदा गोठली की कायमची निकामी होई. वेगाच्या मोहापायी बंदरातील देखभालीचा विचार मागे पडला, असेच या प्रयोगाविषयी म्हणावे लागते.

पृष्ठभागावरील जहाजांत अणुशक्तीचा प्रसार फारसा झाला नाही. 1961 मध्ये दाखल झालेल्या अमेरिकेच्या 'एंटरप्राइझ' या विमानवाहू नौकेत आठ भट्ट्या होत्या, पुढच्या 'निमित्झ' वर्गात दोनच पुरल्या. अमेरिकेच्या अणुशक्तीवरील क्रूझर नौका खर्चापायी विसाव्या शतकाबरोबरच संपल्या. रशियाचे बर्फफोडे आणि फ्रान्सची 'शार्ल द गोल' वगळता आज हे क्षेत्र मुख्यतः अमेरिकी विमानवाहू नौकांचे आहे. पृष्ठभागावरील जहाजाला हवा मुबलक मिळते, त्यामुळे पाणबुडीइतकी त्याची निकड नसते. विमानवाहू नौकेला मात्र स्वतःच्या इंधनटाक्यांची जागा विमानांच्या इंधनासाठी मोकळी मिळते.

इंधनाच्या बाबतीत या देशांनी घेतलेले मार्ग एकमेकांपासून बरेच दूर गेले आहेत. अमेरिका आणि ब्रिटन 90 टक्क्यांहून अधिक समृद्ध, म्हणजे अण्वस्त्राच्या दर्जाचे युरेनियम वापरतात. त्यामुळे अमेरिकेच्या 'व्हर्जिनिया' वर्गातील गाभा पाणबुडीच्या तेहेतीस वर्षांच्या सबंध आयुष्यास पुरतो. रशियाचे इंधन बहुधा 20 ते 45 टक्क्यांच्या पट्ट्यात राहिले. फ्रान्सने मात्र वीजकेंद्रांच्या दर्जाच्या जवळपासचे, कमी समृद्ध युरेनियम स्वीकारले आणि त्याची किंमत म्हणून दर दहा वर्षांच्या सुमारास इंधन बदलण्याचे काम पत्करले. त्यासाठी फ्रेंच पाणबुड्यांच्या कवचात उघडता येणारी दारे ठेवलेली असतात, इतरांना कवच कापावे लागते. हा फरक केवळ सोयीचा नाही. 10 ऑगस्ट 1985 रोजी व्लादिवोस्तोकजवळच्या चाझ्मा उपसागरात एका सोव्हिएत पाणबुडीचे इंधन बदलत असताना भट्टीचे झाकण चुकीच्या रीतीने उचलले गेले, साखळी अनावर होऊन स्फोट झाला आणि दहा जण जागीच ठार झाले. इंधन बदलण्याची वेळ ही नौदलाच्या भट्टीच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक वेळ असते, आणि ती वेळ टाळायची तर अस्त्राच्या दर्जाचा माल समुद्रात फिरवत ठेवावा लागतो. या पेचातून आजवर कोणत्याही देशाला पूर्णपणे सुटता आलेले नाही.

भारतापुढचा पेच याहून आधीच्या पायरीवरचा होता. डिसेंबर 1971 मध्ये 'एंटरप्राइझ' बंगालच्या उपसागराकडे आली आणि त्या प्रसंगातून अणुपाणबुडीची कल्पना निघाली, असे वारंवार लिहिले जाते. ट्रॉम्बेतील प्राथमिक विचार त्याआधीच सुरू झाला होता. 'एंटरप्राइझ'मुळे त्याला राजकीय निकड मिळाली, इतकेच म्हणणे अधिक योग्य ठरेल. खरी अडचण निकडीची नव्हतीच. ट्रॉम्बेची परंपरा नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांची होती: 1960ची 'सायरस', 1985ची 'ध्रुव' आणि देशातील बहुतेक वीजभट्ट्या याच घराण्यातल्या. समृद्ध युरेनियम टाळण्याचे हे धोरण होमी भाभांच्या काळी परावलंबन टाळण्यासाठी विचारपूर्वक स्वीकारलेले होते. वीजनिर्मितीत त्याचा लाभ झाला, पण पाणबुडीत जड पाण्याची भट्टी मावत नाही. त्यामुळे जे ज्ञान ट्रॉम्बेत तीस वर्षे साठले होते, त्याचा पुष्कळसा भाग पाणबुडीसाठी निरुपयोगी ठरला. 1956ची 'अप्सरा' साध्या पाण्याची आणि समृद्ध इंधनाची होती खरी, परंतु ते इंधन ब्रिटनहून आले होते.

बाहेरून येणाऱ्या समृद्ध इंधनाचा भरवसा किती धरावा, याचा धडा महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर, आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे मिळाला. 1969 मध्ये सुरू झालेल्या तेथील दोन भट्ट्या अमेरिकेच्या समृद्ध युरेनियमवर चालायच्या होत्या. 1974च्या पोखरण चाचणीनंतर आणि अमेरिकेच्या 1978च्या कायद्यानंतर हा पुरवठा आटला, 1982 मध्ये फ्रान्सने तो उचलला, पुढे चीन आणि रशिया यांच्याकडून इंधन घ्यावे लागले. शिवाय हे इंधन आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखालचे असल्याने त्यातील एक गोळीही नौदलाकडे वळवता येणे शक्य नव्हते. त्यामुळे पाणबुडी हवी तर समृद्धीकरण देशातच करावे लागणार, हे 1970च्या दशकाअखेर स्पष्ट झाले होते.

युरेनियम हेक्झाफ्लोराइड या वायूला प्रचंड वेगाने फिरणाऱ्या नळकांड्यांत घुसळून हलके आणि जड समस्थानिक वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांवर ट्रॉम्बेत काम सुरू झाले आणि 1990च्या आसपास मैसूरजवळील रत्तेहळ्ळी येथे त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. येथे एक उलटे वाटणारे गणित ध्यानात घेण्यासारखे आहे: नैसर्गिक युरेनियम चार-पाच टक्क्यांवर आणण्यातच अस्त्राच्या दर्जापर्यंत पोचण्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक श्रम खर्ची पडतात, कारण सुरुवातीला हाताळावयाचा माल अफाट असतो. पाणबुडीसाठी समृद्धीकरण करणाऱ्या प्रत्येक देशाकडे जग संशयाने का पाहते, याचे उत्तर या गणितात आहे.

भट्टीच्या आराखड्याची वाटचालही सरळ नव्हती. ट्रॉम्बेतील सुरुवातीच्या आराखड्यांविषयी नौदलातील अभियंत्यांचे आक्षेप होते, आणि त्या वादाभोवतीच्या गुप्ततेने काही वेळा अन्यायही केला; या प्रकल्पाशी संबंधित असलेले नौदलाचे निवृत्त कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांना 1988 मध्ये मुंबई विमानतळावर शासकीय गुपिते कायद्याखाली अटक झाली, त्यांनी सुमारे वीस महिने तुरुंगात काढले आणि अखेर न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. त्याच वर्षी सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली पहिली 'चक्र' भारतात आली आणि 1991 पर्यंत भारतीय खलाशांनी तिच्यावर प्रत्यक्ष अणुपाणबुडी चालवण्याचा अनुभव घेतला. रिकोव्हरच्या आयडाहोतील धड्याप्रमाणेच भारतानेही भट्टी आधी जमिनीवर चालवली: तमिळनाडूतील कल्पक्कम येथे पाणबुडीच्या कवचाच्या खंडात बसवलेल्या नमुना भट्टीत 11 नोव्हेंबर 2003 रोजी विखंडनाची साखळी स्वयंपोषी झाली आणि सप्टेंबर 2006 मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. ही भट्टी जगापुढे उघड झाली ती ऑगस्ट 2009 मध्ये, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेले अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना. त्याच्या काही दिवस आधी, 26 जुलै 2009 रोजी, विशाखापट्टणम येथे 'अरिहंत'चे जलावतरण झाले होते आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी रशियाच्या सहकार्याचे जाहीर आभार मानले होते. रशियन मदतीचा उल्लेख झाला की स्वदेशीचा अभिमान दुखावणारे आणि त्या मदतीपलीकडे काहीच न पाहणारे असे दोन्ही पक्ष देशात आहेत. ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी 'ड्रेडनॉट' अमेरिकी भट्टीवर चालत होती, ही गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते.

'अरिहंत'मधील भट्टी 10 ऑगस्ट 2013 रोजी प्रथम चालली, 2016 मध्ये पाणबुडी सेवेत आली आणि नोव्हेंबर 2018 मध्ये तिची पहिली प्रतिबंधक गस्त पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसरी पाणबुडी 'अरिघात' 29 ऑगस्ट 2024 रोजी दाखल झाली. 'अरिहंत'च्या बांधणीत महाराष्ट्राचा वाटा ट्रॉम्बेपुरता नव्हता. इंदापूर तालुक्यातील, साखर कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या वालचंदनगरच्या कारखान्याने वाफेच्या टर्बाइनची गती पंख्याला देणारी दातेरी चाकांची पेटी घडवली. पाणबुड्यांचे घर मात्र पूर्व किनाऱ्यावर आहे आणि त्यामागे भूगोल आहे: मुंबईसमोर खंडमंच शेकडो किलोमीटर रुंद व उथळ असून बंदर गाळाचे आणि गजबजलेले आहे, तर विशाखापट्टणमजवळ तो अरुंद असल्याने सुमारे सहा हजार टनांची पाणबुडी किनारा सोडताच थोड्या अंतरात खोल पाण्यात नाहीशी होऊ शकते. करंजाच्या खाडीत आणि तिच्यासमोरच्या चिखलात अशा नौकेचे काय झाले असते, हे तेथील कोणत्याही तांडेलाला विचारावे.

धोक्याचा विचार करताना एक गोष्ट प्रथम स्पष्ट हवी की भट्टी अणुबाँबप्रमाणे फुटत नाही. भय आहे ते बंद केल्यानंतरच्या उष्णतेचे. विखंडन थांबले तरी किरणोत्सारी अवशेष तत्काळ मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के इतकी उष्णता देत राहतात आणि पाण्याचा प्रवाह खंडला तर इंधन वितळू शकते. आधुनिक भट्ट्यांत म्हणूनच पंपाविना, केवळ गरम पाणी वर चढण्याच्या स्वभावावर, प्रवाह चालू राहील अशी रचना करतात. पंप बंद राहिल्याने आवाजही कमी होतो, हा नौदलाला अधिक आवडणारा लाभ. 1963ची 'थ्रेशर', 1989ची 'कोम्सोमोलेत्स' आणि 2000ची 'कूर्स्क' या दुर्घटनांचे मूळ भट्टीतील किरणोत्सारात नव्हते. निवृत्तीनंतरचा प्रश्न मात्र सर्वत्र रेंगाळलेला आहे: अमेरिका भट्टीचा कप्पा कापून वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे पुरते, तर ब्रिटनच्या निवृत्त पाणबुड्या डेव्हनपोर्ट व रोसाइथ येथील धक्क्यांवर दशकानुदशके मोडणीची वाट पाहत उभ्या राहिल्या.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने शत्रूच्या जहाजांचा व पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या दोन अणुपाणबुड्या देशात बांधण्यास मंजुरी दिली. अशा पाणबुडीला 'अरिहंत'पेक्षा अधिक वेग हवा, अधिक वेगाला अधिक शक्तीची भट्टी हवी, आणि अशा भट्टीला अधिक युरेनियम किंवा अधिक समृद्धता यांपैकी काहीतरी पुरवावे लागेल. 2021च्या करारानुसार ऑस्ट्रेलियाला तयार, सीलबंद गाभा अमेरिका-ब्रिटनकडून मिळणार आहे; ब्राझील स्वतःचे कमी समृद्ध इंधन वापरण्याच्या मार्गावर आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी करारातील देशांना लष्करी नौकेचे इंधन देखरेखीतून बाहेर काढण्याची सवलत आहे आणि तिच्या वापराविषयी व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत वाद चालू आहे. भारत त्या करारात नसल्याने हा वाद त्याला लागू होत नाही. त्याच्यापुढचा हिशेब सेंट्रिफ्यूजच्या संख्येचा आहे. म्हणूनच कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरे येथे आखलेला समृद्धीकरणाचा दुसरा मोठा कारखाना आंतरराष्ट्रीय देखरेखीबाहेर ठेवण्यात आला आहे, आणि तेथे दरवर्षी किती युरेनियम कोणत्या दर्जाला पोचते, यावरच पुढील वीस वर्षांत विशाखापट्टणमच्या गोदीत किती भट्ट्या बसतील हे ठरणार आहे.